मुक्काम आधी, रस्ता नंतर: नेवाडा-युटाच्या वाळवंटात कॅम्परव्हॅनने नऊ रात्री

आईचा गुडघा आणि कोजागिरी, या दोन गोष्टी धरून आम्ही ही सहल आखली. आई फलटणहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिला लांबच्या चढ-उताराच्या वाटा जमणार नव्हत्या, आणि तिला नुसतं गाडीच्या काचेतून डोंगर दाखवून परत आणायचं, हे मला पटत नव्हतं. म्हणून एप्रिलमध्येच मी नकाशा पुढ्यात घेऊन बसले, पण बघण्यासारख्या ठिकाणांची यादी केली नाही. आधी मुक्कामाच्या जागा शोधल्या. प्रत्येक जागेला एकच प्रश्न लावला: दाराबाहेर खुर्ची टाकून बसलं तर समोर काय दिसेल?

मग त्या जागा जोडत जाणारा रस्ता आपोआप तयार झाला. लास व्हेगसला विमानाने जायचं, तिथे छत उचलता येणारी व्हॅन भाड्याने घ्यायची (आई खाली झोपणार, आम्ही दोघं वरच्या फळीवर) आणि दहाव्या दिवशी तिथेच परत करायची.

दिवस 1: व्हॅली ऑफ फायर

लास व्हेगसपासून जेमतेम 50 मैल. एवढ्या जवळ पहिला मुक्काम मुद्दाम ठेवला होता. व्हॅन ताब्यात घेणं, ती कशी चालते ते समजून घेणं, वाणसामान भरणं यात दुपार जाते, आणि नवीन गाडी अंधारात अनोळखी जागेत लावण्यासारखी धास्ती नाही.

नेवाडातलं हे सर्वांत जुनं राज्य उद्यान, 1935 सालचं. अॅटलॅटल रॉक नावाच्या कॅम्पग्राउंडमध्ये आमची जागा होती आणि व्हॅनच्या मागेच लाल दगडाची भिंत. हा दगड म्हणजे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, घट्ट होऊन बसलेल्या. हात फिरवला की अजून बोटांना वाळूची भुकटी लागते. अॅटलॅटल म्हणजे भाला लांब फेकण्यासाठी वापरायची काठी. तिचं चित्र जवळच्याच कातळावर कोरलेलं आहे आणि तिथे जायला लोखंडी जिना आहे. आई कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. त्या रेषांकडे बराच वेळ बघत म्हणाली, "ह्यांनी पण मुक्काम चांगलाच निवडलाय गं. वर उंच, सावलीत, आणि लांबवर नजर जातेय."

उकाडा मात्र बराच होता. ऑक्टोबर लागला तरी दुपारी 34 अंश, आणि दगड रात्री उशिरापर्यंत धग सोडत होता. वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा घेतली होती म्हणून एसी चालवता आला.

इथेच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या जागा याच हिशेबाने निवडल्या होत्या. वाळवंटात आधी समुद्रसपाटीपासूनची उंची बघा, फोटो नंतर. साधारण दर हजार फुटांना हवा दोन अंशांनी उतरते. सखल जागेत वीज हवी, उंच जागेत जाड पांघरुणं हवीत, आणि एकाच सहलीत दोन्ही लागतात.

दिवस 2 आणि 3: झायन

नेवाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळी निघताना हे लक्षात ठेवा.

झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडला दोन रात्री होत्या. सहा महिने आधी जागा खुल्या होतात, तेव्हाच घेतली होती. इथे राहण्याचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. उद्यानाच्या मुख्य घळीत हंगामात खासगी गाड्या सोडत नाहीत, उद्यानाची बस असते, आणि बाहेरून येणाऱ्या लोकांची गाडी लावायला जागा मिळवण्यापासून सुरुवात होते. आम्ही चहा घेऊन पायी बसथांब्यावर गेलो. आईने सगळी घळ बसच्या खिडकीतून पाहिली, शेवटच्या थांब्यावर नदीकाठच्या सपाट वाटेने थोडं चालली आणि उन्हं चढायच्या आत जेवायला आम्ही व्हॅनशी परत.

संध्याकाळी कॅम्पग्राउंडजवळून निघणाऱ्या पारूस नावाच्या वाटेवर गेलो. ही वाट पूर्ण डांबरी आहे आणि व्हर्जिन नदीच्या कडेकडेने जाते. चाकाच्या खुर्चीवरचे लोकही तिथे फिरत होते. परत येऊन खुर्च्या टाकल्या. ज्या सुळक्यावरून कॅम्पग्राउंडचं नाव पडलंय तो समोरच होता. उन्हं उतरली तसा तो आधी पिवळा, मग भगवा, मग कुंकवाच्या रंगाचा झाला. आई तांदूळ निवडत बसली होती. निवडायची गरज नव्हती, पाकिटातला तांदूळ स्वच्छ होता. पण हाताला काही काम असलं की तिला बसून बघता येतं. पाच-दहा मिनिटं तिचा हात तसाच ताटात थांबला होता.

वॉचमनला जनरेटर लावायला बंदी आहे, त्यामुळे रात्री फक्त नदीचा आवाज. ए आणि बी या भागांत विजेच्या जागा आहेत. नदीचं पाणी मात्र दिसायला नितळ असलं तरी पिऊ नका, त्यात विषारी शेवाळाचा त्रास असतो.

दिवस 4: ब्राइस पाहून कोडाक्रोमला

झायनमधून पूर्वेला जाताना 1930 साली पूर्ण झालेला, मैलाहून थोडा लांब बोगदा लागतो. मोठ्या गाड्यांना तिथे उंची-रुंदीची मर्यादा आहे, म्हणून व्हॅन घेतानाच तिचं माप लिहून घ्या.

ब्राइस कॅन्यनच्या काठावर कॅम्पग्राउंड आहे आणि ते सुंदर आहे. तरी आम्ही तिथे राहिलो नाही. काठ 8,000 फुटांवर. दगडांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचं रात्री बर्फ होतं, दिवसा ते वितळतं, असं वर्षातून दीडशेहून अधिक वेळा घडतं, आणि त्यातूनच तिथले ते हजारो सुळके कोरले गेले आहेत. जी थंडी दगड फोडते तिच्यात आईला व्हॅनमध्ये झोपवायचं माझ्या मनात येईना. दुपारी सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट हा काठावरचा अर्ध्या मैलाचा सपाट रस्ता तिघं सावकाश चाललो. वारा एवढा गार होता की आईने स्वेटरवर शाल आणि शालीवर माझं जॅकेट घेतलं. मग गाडी खाली कोडाक्रोम बेसिनला आणली, दोन हजार फूट उतरून.

हे नाव फोटोच्या फिल्मवरून पडलेलं, 1949 मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या लोकांनी दिलेलं. लाल मैदानात जागोजागी उभे दगडी खांब आहेत, 67 मोजले गेलेत. गर्दी अगदी थोडी. आणि गरम पाण्याच्या अंघोळीची सोय. चार दिवसांच्या धुळीनंतर आई केस धुऊन बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो ब्राइसच्या काठावरही दिसला नव्हता. मुक्काम ठरवताना तीन-चार रात्रींतून एक जागा अंघोळीची ठेवाच.

दिवस 5 आणि 6: फ्रुटा

बारा नंबरचा हायवे बोल्डर माउंटनवर 9,600 फुटांपर्यंत चढतो. अॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. तिथून उतरून कॅपिटल रीफ उद्यानात शिरलं की लाल कड्यांच्या मधोमध अचानक हिरवं दिसतं. ते फ्रुटा.

1880 च्या सुमारास मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथे येऊन राहिली. एका वेळी फार तर दहा घरं, पण त्यांनी फ्रीमॉन्ट नदीचं पाणी वळवून बागा उभ्या केल्या. सफरचंद, नाशपती, पीच, जर्दाळू, चेरी. आता गावकरी नाहीत, 1971 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, पण सुमारे दोन हजार झाडं उद्यानाचे लोक अजून सांभाळतात. कॅम्पग्राउंड या बागांना लागूनच, 71 जागांचं. वीज नाही, अंघोळीची सोय नाही. तरी सगळ्या सहलीतली एकच जागा पुन्हा निवडायची झाली, तर मी हीच निवडीन.

व्हॅन लावली आणि आई दिसेना. शोधत गेले तर बागेच्या बांधावर उभी. पायाशी चर होता, त्यातून थोडं पाणी वाहत होतं आणि झाडांच्या ओळीकडे वळत होतं.

"हे पाटाचं पाणी आहे," ती म्हणाली. "बघ, इथून दारं मोडलंय. हे भरलं की ते मोडायचं."

फलटणला नीरेच्या कालव्याचं पाणी यायचं तेव्हा आजोबांबरोबर ती रात्री दारं धरायला जायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कंदील, थंडी, पायाला लागणारा गार चिखल. मला ती गोष्ट तोंडपाठ होती, पण "दारं" म्हणजे नेमकं काय, ते मी पाहिलं नव्हतं. आईने वाकून मातीतली ती जागा दाखवली: बांधाला पाडलेली हातभर रुंद खाच, शेजारी तिला बुजवायला काढून ठेवलेलं ढेकूळ. तेरा हजारांहून जास्त किलोमीटर दूर, लाल कड्यांच्या खाली, मी पहिल्यांदा दारं पाहिलं.

बागेचा नियम फार उदार आहे. जिथे फळं तोडायला खुली असल्याची पाटी असेल तिथे आत जाऊन झाडाखाली हवी तेवढी खा, पैसे नाहीत. बाहेर न्यायची तर तिथल्या वजनकाट्यावर तोलून पेटीत पैसे टाकायचे. शिड्या आणि लांब दांड्याचे झेले (फळं उतरवायच्या जाळ्या) ठेवलेले असतात. आईने झेल्याने सफरचंदं उतरवली, फांदी न हलवता, एकेक देठासकट. सफरचंदं लहान, थोडी डागाळलेली, आंबटगोड. जुन्या गिफर्ड घराच्या दुकानात फळांचे छोटे 'पाय' (आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) मिळतात. सकाळी लवकर गेलात तरच, दुपारी कपाट रिकामं असतं.

दुसऱ्या दिवशी आईने साखरांबा केला. व्हॅनच्या दोन बर्नरच्या शेगडीवर, खिसून, वेलची घालून. तो वास बहुधा पार टोकापर्यंत गेला असावा, कारण कॅम्प होस्ट बाई विचारायला आल्या. कॅम्प होस्ट म्हणजे हंगामभर राहण्याची जागा मिळते त्या बदल्यात कॅम्पग्राउंडची देखभाल करणारे स्वयंसेवक, बरेचदा निवृत्त लोक. या बाई सत्तरीच्या, उन्हाने रापलेल्या, चपळ. आईने चमच्यावर चव दिली आणि मग स्टीलचा छोटा डबा भरूनच हातात ठेवला.

संध्याकाळी हरणं आली. सात-आठ, गवत खात, खुर्च्यांमधून वाट काढत. त्यांना काही खाऊ घालायचं नाही, हे होस्टबाईंनी बजावलं होतं. आई पाय आखडून घेऊन बसली, श्वाससुद्धा हळू घेत. एक पाडस तिच्या पदरापासून वीतभर अंतरावरून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना होस्टबाई डबा परत द्यायला आल्या. आत वाळवलेल्या सफरचंदाच्या चकत्या भरलेल्या. आईने डबा उघडला आणि माझ्याकडे बघत राहिली. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्या बाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं.

फ्रुटाच्या जागाही हंगामात सहा महिने आधी आरक्षित होतात. मोठ्या झाडांच्या सावलीतली मिळाली तर उत्तम. पाण्याची टाकी इथेच भरून घ्या, पुढे दीडेकशे मैल पाण्याचा भरवसा धरू नका. पेट्रोल हँक्सव्हिलला भरा.

दिवस 7: जागा न मिळालेली कोजागिरी

कोजागिरी नॅचरल ब्रिजेसला करायची, असं ठरवलं होतं. तिथलं कॅम्पग्राउंड फक्त 13 जागांचं, आरक्षण नाही, जो आधी येईल त्याला. 2007 साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपणारं उद्यान) म्हणून मान मिळालेली ही जागा. 95 नंबरच्या हायवेवरचा प्रवास इतका देखणा की आम्ही चार ठिकाणी थांबलो. कोलोरॅडो नदीच्या पुलावर तर अर्धा तास.

तो अर्धा तास महागात पडला. साडेतीनला पोचलो तेव्हा 13 च्या 13 जागा भरलेल्या. माझे डोळे भरून आले. आरक्षण नसलेल्या छोट्या जागेला दुपारी बाराच्या आत पोचायलाच हवं, आणि दुसरी जागा आधीच ठरवून ठेवायला हवी. दुसरी जागा आम्ही सुदैवाने लिहून ठेवली होती: गूजनेक्स. तिथे जायचा जवळचा रस्ता मोकी डगवे, पण तो कच्च्या घाटाचा, तीन मैलांत हजार-अकराशे फूट उतरणारा. व्हॅनच्या करारात कच्चा रस्ता चालत नव्हता. ब्लँडिंग, ब्लफ, मेक्सिकन हॅट असा लांबचा वळसा घेतला.

गूजनेक्स हे युटाचं चिमुकलं राज्य उद्यान. ना पाणी, ना वीज, ना झाड. कड्याच्या काठाने काही जागा, टेबलं आणि साधं शौचालय. आणि काठाच्या पलीकडे हजार फूट खोल सॅन हुआन नदी, एकामागून एक वळणं घेत जाणारी. सरळ रेषेत दीड मैल पुढे सरकायला ती सहा मैल वाहते. पठार वर उचललं जात असताना नदीने आपली जुनी वळणं सोडली नाहीत, त्याच वाटेने खाली कापत गेली. काठाला कठडा नाही. मुलं बरोबर असतील तर काठापासून लांबची जागा घ्या.

वारा सुसाट होता. नवऱ्याने व्हॅन कडेला समांतर लावली तर ती डोलायला लागली. आई म्हणाली, "तुम्ही तोंड वाऱ्याकडे करून लावा बरं." तसं लावल्यावर गाडी स्थिर झाली. उचललेल्या छताचं कापड फडफडत होतं, ते खाली घेतलं. बाहेर शेगडी पेटेना. शेवटी सरकतं दार अर्धं उघडं ठेवून आतच दूध उकळायला ठेवलं. केशर, वेलची, बदाम, चारोळी, सगळं घरून आणलेलं. दूध फ्रुटाजवळच्या टॉरी गावातल्या दुकानातलं.

सूर्य बुडाला आणि पाठीमागून चंद्र वर आला, मोठा, तांबूस. दरीत आधी काहीच दिसेना. मग तो वर सरकला तशी पलीकडच्या कड्यांची एकेक पायरी उजळत गेली आणि अगदी शेवटी, तळाशी, पाण्याची एक बारीक रेघ चमकली. एकच वळण. बाकीची अंधारात. दक्षिणेला क्षितिजावर मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके पुसट दिसत होते. पौर्णिमेला आकाशगंगा दिसत नाही, ताऱ्यांसाठी यायचं तर अमावास्येच्या आसपास या. पण दरी पाहायला चांदणंच हवं.

आईने पातेलं बाहेर आणलं, वर ओढणी धरून, दुधात चंद्र दिसेपर्यंत. शेजारी जुन्या व्हॅनमध्ये एकटीच राहणारी वयस्क बाई होती. तिला पेला दिला. तिने विचारलं कसला सण, तेव्हा आईने मला भाषांतर करायला लावलं: लक्ष्मी आज रात्री फिरते आणि विचारते, को जागर्ति? कोण जागं आहे?

त्या बाईने पेला खाली ठेवला आणि वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केला.

आम्ही बारापर्यंत बसलो. वारा साडेदहाला पडला.

दिवस 8: मॉन्युमेंट व्हॅली

ही नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भूमी, त्यांचं स्वतःचं उद्यान. इथे नियम त्यांचे चालतात: दारूला बंदी, ड्रोनला बंदी, वाटेल तिथे मुक्काम करायला बंदी. उद्यानातल्या कॅम्पग्राउंडमध्ये पुढच्या रांगेची जागा मिळाली. खुर्ची टाकली की समोर दोन हातमोज्यांच्या आकाराचे प्रसिद्ध सुळके. खालची 17 मैलांची फेरी कच्च्या, खडबडीत रस्त्याची आहे. आईच्या गुडघ्याला ती सोसली नसती, आणि खरं सांगायचं तर तिची गरजही वाटली नाही.

जेवायला फ्राय ब्रेड घेतला. आईने तुकडा मोडून म्हटलं, "हा तर भटुराच." त्यामागचा इतिहास मात्र कडू आहे. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना त्यांच्या भूमीतून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं. तिथे शिध्यात मिळायचं पांढरं पीठ आणि चरबी. त्यातून ही पोळी जन्मली. 1868 च्या तहानंतर ते परत आले. शाकाहारी मंडळींनी कशात तळलंय ते विचारून घ्यावं. आम्हाला तेलातलं मिळालं, वर मध घातलेलं. दुकानातल्या नवाहो आजींनी आईची नऊवारी बघून कापड किती लांब ते विचारलं. आईने हात पसरून नऊ वेळा मोजून दाखवलं. मग आजींनी आपल्या मखमली सदऱ्यावरचं चांदीचं काम दाखवलं. त्या दोघींना माझी गरज लागली नाही.

दिवस 9 आणि परत

नवाहो भूमीत उन्हाळी वेळ पाळतात, म्हणजे घड्याळ तासभर पुढे ठेवतात, बाकी अॅरिझोना पाळत नाही. त्यामुळे ग्रँड कॅन्यनच्या डेझर्ट व्ह्यूला पोचताच तास परत मिळाला. फोनवर अवलंबून राहू नका, सीमेजवळ तो मागेपुढे होत राहतो.

शेवटची रात्र मेदर कॅम्पग्राउंडला, 7,000 फुटांवर, पाइनच्या झाडांत. तीनशेहून अधिक जागा आहेत, पण खुर्चीतून कॅन्यन दिसत नाही, काठापर्यंत जावं लागतं. माझ्या कसोटीत न बसणारी ही एकच जागा, व्हेगसला परतायला सोयीची म्हणून घेतली. पहाटे शून्याच्या खाली गेलं. एल्क (मोठ्या जातीची हरणं) दारापर्यंत आले होते.

दहाव्या दिवशी व्हेगसला व्हॅन धुऊन, झाडून परत केली. आईने सामान भरताना फ्रुटाचा तो स्टीलचा डबा वेगळा काढला. चकत्या वाटेत संपत आल्या होत्या. शेवटच्या चार तिने आम्हाला खाऊ दिल्या नाहीत. फलटणला शेजारच्या काकूंचा डबा परत करायचा राहिलाय म्हणे.